कानाच्या कडेला टोचून घ्यायचंय? मग वर्षभराची तयारी ठेवा

माझ्या कानाच्या वरच्या कडेला टोचून तीन महिने झाले होते. दुखत नव्हतं, लाली गेली होती, खपल्या धरायच्याही थांबल्या होत्या. भोक भरून आलं असं धरून मी दांडी काढली आणि एक नाजूक बाळी घातली. चौथ्या दिवशी पहाटे कूस बदलली आणि कानातून अशी कळ गेली की उठून बसले. आरशात पाहिलं तर भोकाच्या मागच्या तोंडाशी मोहरीएवढा लालबुंद, ओलसर फुगवटा. तो जायला पुढे अडीच महिने लागले. टोचणारीने सगळं नीट केलं होतं. घाई मी केली, आणि ती केली कारण आत काय चाललंय हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

पाळी वेगळी, कड वेगळी

कानाची पाळी म्हणजे कातडी आणि चरबी. तिथे रक्त भरपूर खेळतं, त्यामुळे पाळीचं भोक साधारण सहा ते आठ आठवड्यांत सावरतं. पाळीच्या वर बोटाने चाचपलं की जो लवचिक, कडकसा भाग लागतो ती कूर्चा, म्हणजे कार्टिलेज. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर एक पातळ आवरण असतं, त्यातून झिरपून जे मिळेल त्यावर ती जगते. जखम भरायला लागणारा माल तिथे फार हळू पोहोचतो. तिथे जंतू शिरले तर त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी आणि पोटात घेतलेलं औषधही तितक्याच हळू पोहोचतं. म्हणूनच कूर्चेचं भोक भरायला सहा महिने ते वर्ष लागतं, काहींना त्याहून जास्त.

दुसरी गोष्ट मला कोणी आधी सांगायला हवी होती. जखम बाहेरून आत भरत जाते. भोकाच्या दोन्ही तोंडांशी नवी कातडी आधी तयार होते, मग ती नळीसारखी आत सरकत जाते आणि मधला भाग सगळ्यात शेवटी भरतो. आरशात आपल्याला दिसतं ते भोकाचं तोंड. ते तिसऱ्या महिन्यातच छान दिसतं, पण आतली भिंत तेव्हा ओल्या कागदाएवढी नाजूक असते.

जागा ठरवताना

पहिल्यांदाच टोचणार असाल तर हेलिक्स घ्या, म्हणजे कानाची बाहेरची दुमडलेली कड. तिथे हात सहज पोहोचतो, स्वच्छ करणं सोपं जातं, दिसतंही नीट. त्या कडेच्या आतली सपाट जागा म्हणजे फ्लॅट. कानाच्या भोकासमोरचा छोटा उंचवटा म्हणजे ट्रॅगस. इअरफोन कानात घालून दिवस काढणाऱ्यांनी तिथे टोचण्याआधी दोनदा विचार करावा. कानाची खोलगट वाटी म्हणजे काँच. आतल्या घड्यांमध्ये डेथ आणि रूक येतात, तिथे कोन साधणं कौशल्याचं काम आहे. इंडस्ट्रियल म्हणजे दोन भोकं आणि त्यांना जोडणारी एकच सरळ दांडी. एका भोकाला धक्का लागला तर दुसरंही दुखावतं. सुरुवात तिथून करू नका.

प्रत्येक कानाला प्रत्येक घडी नसते. कोणाची कड जेमतेम वळलेली असते, कोणाचा ट्रॅगस एवढासा असतो. पिअर्सरने, म्हणजे टोचणाऱ्या व्यक्तीने, कान निरखून ‘इथे नको, तुमच्या कानाला इथे नीट बसणार नाही’ असं सांगितलं तर ती व्यक्ती विश्वासाची आहे असं समजा.

मग स्वतःला साधे प्रश्न विचारा. झोपता कोणत्या कुशीवर? फोन कोणत्या कानाला लावता? चष्म्याची काडी कुठे टेकते? हेल्मेट रोज घालता का? यातून बाजू आपोआप ठरते. आणि कृपया दोन्ही कान एकाच दिवशी टोचू नका. एका कुशीची झोप जाणं सोसतं, दोन्ही गेल्या तर पहिल्याच आठवड्यात सगळ्याचा कंटाळा येतो.

कोणी थांबावं

तुम्हाला किंवा घरच्या कोणाला केलॉइड, म्हणजे जखमेपेक्षा मोठा वाढत जाणारा वण, येत असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. साखर आटोक्यात नसलेला मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधं, प्रतिकारशक्ती कमी करणारे उपचार, गरोदरपण, यांपैकी काही असेल तरी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय टोचू नका. धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवून पाहा. ताप-सर्दी असेल तर तो दिवस जाऊ द्या. पुढच्या दोन-तीन महिन्यांत पोहण्याचा बेत असेल तर पोहून या, मग टोचा. पोहण्याचा तलाव, नदी, समुद्र, टबातलं गरम पाणी, ताज्या भोकाला यातलं काहीच चालत नाही.

बंदूक नको, सुई हवी

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. टोचायच्या बंदुकीत कानातल्याचंच टोक स्प्रिंगच्या जोराने कानातून आरपार ढकललं जातं. ते टोक सुईच्या मानाने बोथट असतं. मऊ पाळी ते सहन करते. कूर्चा चिरडू शकते, तडकू शकते, आणि तिच्यावरचं पोषण देणारं आवरण सुटून येऊ शकतं. त्यातून बंदुकीचे बरेच भाग प्लॅस्टिकचे असतात. निर्जंतुक करण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे ऑटोक्लेव्ह, त्यात दाबाखालची वाफ १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअसपर्यंत तापते. प्लॅस्टिकची बंदूक त्यात टिकत नाही. वरवर पुसून ती पुढच्या कानाला लावली जाते.

पोकळ सुईचं काम वेगळं. तिची धार कूर्चेत स्वच्छ छेद घेते आणि दागिन्याला जागा करते. ती एका माणसासाठी एकदाच वापरायची आणि सुयांच्या बंद डब्यात टाकायची.

जंतूंचा धोका किती खरा आहे याचं एक उदाहरण. २००० साली अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात एकाच दागिन्यांच्या स्टॉलवर कानाची कूर्चा टोचून घेतलेल्या अनेकांना स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूची लागण झाली. तपासणीत सात जणांची लागण पक्की ठरली. तो जिवाणू सापडला कुठे, तर जंतुनाशकाच्याच फवारणीच्या बाटलीत. स्यूडोमोनासला ओलावा आवडतो आणि कूर्चा त्याला फार लवकर बळी पडते.

म्हणून जागा आधी एकदा नुसती पाहून या. ऑटोक्लेव्ह आहे का, त्याची जिवाणूंच्या बीजाणूंनी चाचणी (ते चिवट बीजाणू आत ठेवून मरतात का हे पाहणं) होते का, शेवटची कधी झाली, हे सरळ विचारा. चांगल्या ठिकाणी या प्रश्नांचा राग येत नाही, कागद काढून दाखवतात. टोचताना हात धुऊन नवे हातमोजे घातले जातात, सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातं, आणि त्या पाकिटावरची खूण निर्जंतुकीकरणानंतर रंग बदललेली असते. मध्येच त्या हातमोज्यांनी फोन उचलला तर हातमोजे बदलायला सांगा. संकोच करू नका, कान तुमचा आहे.

पहिला दागिना

पहिला दागिना दिसायला कसा आहे यापेक्षा तो कशाचा आहे हे महत्त्वाचं. वर्षभर तो उघड्या जखमेत राहणार आहे. शरीरात बसवायच्या दर्जाचं टायटॅनियम सगळ्यात निर्धोक. त्याच्या दर्जाचं नाव एएसटीएम एफ-१३६, ते दुकानात विचारता येतं. नायोबियमही चालतं. निकेल नसलेलं १४ किंवा १८ कॅरेटचं भरीव सोनं चालतं. मुलामा दिलेलं काही नको, मुलामा झिजला की खालचा धातू जखमेला लागतो. चांदी काळी पडते, तिचे डाग कातडीत बसू शकतात, म्हणून ताज्या भोकात तीही नको. निकेलची ॲलर्जी खूप जणांना असते आणि पुष्कळांना ती कान टोचल्यावरच कळते.

आकार म्हणाल तर मागे सपाट चकती असलेली सरळ दांडी घ्या, तिला लॅब्रेट म्हणतात. नेहमीच्या कानातल्याची फिरकी कानावर घट्ट दाबून बसते, तिच्या खाचांत मळ साचतो आणि केस अडकतात. बाळी पहिल्या दिवशी मोहात पाडते, पण ती भोकात सतत फिरते आणि तिचा बाक सरळ भोकाला एका बाजूने रेटतो. जाडी बहुतेक वेळा १६ गेज, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, किंवा १८ गेज, म्हणजे १ मिलिमीटर असते. त्याहून बारीक तार घालायचा हट्ट धरू नका, बारीक तार कातडीला कापत जाते. दांडी कानाच्या जाडीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर लांब दिसेल. ती चुकून लांब आलेली नाही, सूज धरायला ती जागा सोडलेली असते.

टोचण्याचा दिवस

पोटभर जेवून जा. उपाशी गेलं तर चक्कर येते. आदल्या रात्री मद्य नको, आणि डॉक्टरांनी दिलेली नसेल तर ॲस्पिरिनही नको, रक्त लवकर थांबत नाही. केस धुऊन जा, कारण पुढचे दोन दिवस धुवावेसे वाटणार नाहीत. ज्याची बटणं पुढून उघडतात असा सदरा घाला, डोक्यावरून काढायचे कपडे त्या रात्री छळतात.

पिअर्सर कान पुसून पेनने ठिपका काढेल. आरसा घ्या, मान सरळ ठेवा आणि तो ठिपका नीट पाहा. समोरून, बाजूने, केस मागे घेऊन. मनाला पटला नाही तर पुसून परत काढायला सांगा. माझ्या वेळी तिसऱ्यांदा काढलेला ठिपका बरोबर बसला.

मग ‘श्वास घ्या, सोडा’ असं सांगतात आणि सोडताना सुई जाते. आधी जोराचा दाब जाणवतो आणि कर्रर्र असा बारीक आवाज येतो. तो आवाज कोणी आधी सांगत नाही, आणि कानाजवळच असल्यामुळे तो मोठा वाटतो, दचकायला होतं. काही तुटलेलं नसतं, सुई कूर्चेतून जातानाचा तो आवाज आहे. दुसरा हिसका दागिना सरकवताना बसतो. त्यानंतर कान गरम होतो, तापलेल्या तव्याजवळ धरल्यासारखा, आणि तासभर तसाच राहतो. थोडं रक्त आलं तर घाबरू नका. लगेच उठू नका, पाच मिनिटं बसून पाणी प्या.

रोजची काळजी: दोनदा सलाईन, बाकी हात नको

जखमा धुण्यासाठी मिळणारं ०.९ टक्क्याचं निर्जंतुक सलाईन फवाऱ्याच्या डब्यात घ्या. त्यात मिठाशिवाय आणि पाण्याशिवाय काही नसावं. घरी मीठ कालवू नका. हाताने प्रमाण चुकतंच, आणि पाणी जास्त खारट झालं तर जखम कोरडी पडून चिरते.

सकाळी एकदा आणि रात्री एकदा. आधी साबणाने हात धुवा. भोकाच्या पुढून आणि मागून फवारा मारा. खपली धरली असेल तर निर्जंतुक गॉझ सलाईनमध्ये भिजवून दोन-तीन मिनिटं नुसतं टेकवून ठेवा. खपली फुगून पांढुरकी होते आणि गॉझबरोबर अलगद निघून येते. आली नाही तर राहू द्या, संध्याकाळी येईल. नखाने काढली तर तिच्याबरोबर नवी कातडीही निघते. मग कोऱ्या गॉझच्या टोकाने चकतीच्या मागचं पाणी टिपून घ्या. हे टिपणं बहुतेक जण विसरतात, आणि ओलं राहिलेलं भोकच आधी चिघळतं. कापूस वापरू नका, त्याचे तंतू दांडीला गुंडाळले जातात. अंघोळीचा टॉवेलही नको, त्याच्या धाग्यात दागिना अडकला की जी कळ जाते ती विसरता येत नाही.

दागिना फिरवू नका. ‘फिरवत राहा, नाहीतर चिकटेल’ हा सल्ला तुम्हाला हमखास कोणीतरी देईल, तोही प्रेमाने. भोक दागिन्याला चिकटत नाही. चिकटते ती खपली, आणि फिरवल्यावर तीच खपली आत ओढली जाऊन नळीची नवी भिंत खरवडते.

स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, आयोडीन, टी ट्री तेल, जंतुनाशक मलम, तेल, घरगुती लेप, यातलं काहीही लावू नका. काही औषधं जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतात. मलमं आणि लेप भोकाची तोंडं बंद करून ओल आत कोंडतात. शाम्पू लागला तर चालतं, साध्या पाण्याने धुऊन काढा. केसांचा स्प्रे आणि अत्तर मारताना कान हाताने झाका.

पहिले दोन आठवडे सूज, लाली, हुळहुळेपणा राहतो. पांढुरकी, पिवळसर पातळ लस येते आणि वाळून तिची खपली होते. ती लस म्हणजे पू नव्हे. पुढचे कित्येक महिने कान चांगला वागतो, मग अचानक एखादा आठवडा दुखतो, परत शांत होतो. हे असंच चालतं.

झोपेचं काय

माझ्या मते निम्मे फुगवटे उशीमुळे येतात. टोचलेल्या कानावर झोपलं की रात्रभर दांडी एका बाजूला रेटली जाते, आणि महिन्याभरात भोकाचा कोनच तिरका होतो. तिरकं भरलेलं भोक सरळ करता येत नाही. त्या कुशीवर झोपायची सवय सुटत नसेल तर प्रवासात मानेला लावायची गोल उशी आणा, नेहमीच्या उशीवर ठेवा आणि कान तिच्या मधल्या पोकळीत येईल असं डोकं टेका. पहिल्या दोन रात्री विचित्र वाटतं, मग सवय होते. उशीचा अभ्रा दर दोन-तीन दिवसांनी बदला. लांब केस असतील तर वेणी घालून झोपा.

दांडी लहान करून घेणं

ही पायरी बहुतेकांकडून राहून जाते. चार ते आठ आठवड्यांत सूज उतरली की ती मुद्दाम लांब घातलेली दांडी आता उगीचच लांब होते. ती पुढे-मागे सरकते, केसांत अडकते, झोपेत वाकडी होते. पिअर्सरकडे परत जा आणि तीच रचना, तीच जाडी, पण कानाला बसेल इतकी लहान दांडी घालून घ्या. हे घरी करू नका. एवढ्या कोवळ्या भोकातून दांडी काढली तर काही मिनिटांत ते आकसतं, आणि मग सरकवताना खोटी वाट तयार होते. टोचायला जाता तेव्हाच ही तारीख ठरवून या.

फुगवटा, केलॉइड की जंतुसंसर्ग?

भोकाच्या तोंडाशी आलेला छोटा, लाल, कधी ओलसर फुगवटा बहुतेक वेळा चिडलेल्या जखमेचा असतो. त्यावर लावायला औषध शोधत बसू नका, कारण शोधा. दांडी लांब आहे का? त्या कुशीवर झोपलात का? हेडफोन घासतोय का? दागिना लवकर बदललात का? कारण गेलं की फुगवटा ओसरतो, पण त्याला आठवडे लागतात, कधी महिने. एकदा पिअर्सरला कोन आणि धातू तपासायला सांगा.

केलॉइड निराळा. तो टणक असतो, टोचल्यावर काही महिन्यांनी सावकाश वाढतो आणि जखमेची हद्द ओलांडून पुढे जातो. तो आपणहून जात नाही. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञच हवेत.

तिसरी गोष्ट मात्र थांबणारी नाही. कान गरम लागतोय, ठणकतोय, लाली भोकापासून दूर पसरत चाललीय, हिरवट-पिवळा दाट पू येतोय, ताप भरलाय, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, शक्य असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे. एक खूण आरशात स्वतःलाही पाहता येते: वरचा सगळा कान लाल आणि सुजलेला, पण पाळी मात्र नेहमीसारखी. पाळीत कूर्चा नसते, म्हणून कूर्चेच्या आवरणाचा संसर्ग तिला सोडून देतो. यावर उपचाराला उशीर झाला तर कूर्चा मरते, कान आक्रसतो आणि त्याचा आकार परत येत नाही. घरात पडलेलं मलम इथे कामाचं नाही. योग्य प्रतिजैविक लागतं, स्यूडोमोनासवर नेहमीची अनेक प्रतिजैविकं चालत नाहीत. टोचलेली जागा कूर्चेची आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि घाबरून दागिना स्वतः काढू नका. भोकाची तोंडं मिटली तर पू आत कोंडतो. काढायचा की ठेवायचा हे डॉक्टरांना ठरवू द्या.

दागिना कधी बदलायचा

सहा महिन्यांच्या आत विचारच नको. त्यानंतरही सलग दोन महिने खपली नाही, लस नाही, दाबल्यावर दुखत नाही, असं असेल तरच. पहिला बदल पिअर्सरकडून करून घ्या. बाळी घालायची असेल तर तिचा घेर कानाच्या कडेला न दाबता फिरेल एवढा हवा, हे मापून घ्या. मी दुसऱ्यांदा बाळी घातली ती तेराव्या महिन्यात. पिअर्सरने दांडीच्या मागोमाग एक बारीक टोकदार काडी भोकातून सरकवली आणि तिच्या पाठोपाठ बाळी ओढून घेतली, त्यामुळे भोक एक क्षणही रिकामं राहिलं नाही. दुखलं नाही, पण संध्याकाळपर्यंत कान जरा लाल होता. नव्या दागिन्यानंतर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ परत सलाईन मारा, आणि तेवढे दिवस झोप दुसऱ्या कुशीवरच.